गढीची भिंत

"दगडाची कर," अंगद म्हणाला. "मातीची भिंत कोण बघंल?"

ज्योत्स्नानं टीव्हीला जोडलेल्या लॅपटॉपवर भिंतीची सावली आणखी गडद केली. टेबलावर आडव्या ठेवलेल्या टीव्हीवर तिनं काढलेली गढी दिसत होती आणि गढीबाहेर, त्याच काचेवर, अंगदचे बोटाएवढे प्लास्टिकचे शिपाई रांगेत उभे होते. जाफराबादच्या बसस्टँडजवळ, अंगदच्या भावाच्या मोबाइल दुकानाच्या माडीवर, हे असले लढाईचे खेळ दर शनिवारी चालत. उद्या मात्र संभाजीनगरच्या मेळाव्यात खेळायचं होतं, अनोळखी लोकांसमोर, आणि नकाशा ज्योत्स्नाचा होता. निदान आत्तापर्यंत तरी.

वरून पाहिलं की भिंत म्हणजे नुसता पट्टा. तिला उंची येते ती सावलीनं. ज्योत्स्नानं ती सावली कितीदा तरी पुसून पुन्हा काढली होती. भिंतीचा माथा उन्हानं उजळ, कडा पावसानं खाल्लेल्या, पांढऱ्या मातीत भुशाच्या काड्या, वर वाळलेलं गवत. त्यासाठी ती गावच्या गढीसमोरच्या एका घराच्या गच्चीवर चढून फोटो काढून आली होती. फोटोतली माती तिनं लॅपटॉपवर भिंतभर पसरली आणि एकच डाग दोनदा दिसू नये म्हणून जागोजागी हातानं बदलली. एवढं केल्यावर कुणी दगड लाव म्हटलं तर डोकं फिरणारच, आणि तिचं फिरलं होतं.

"नेटवर तयार किल्ले पडलेत," अंगद म्हणाला. "काळा दगड, बुरूज, मशाली. तुला न्हाई जमलं तर मी तेच घेऊन जातो."

"जमत न्हाई असं कोण म्हणलं? मी करणार न्हाई."

"अगं, एका धक्क्यात पडंल ही."

"पडू दे. दगड लावणार न्हाई."

प्रीती ज्योत्स्नाच्या बाजूनं गढी राखत होती. तिला या वादाचा कंटाळा आला. "भांडून राह्यले का खेळून राह्यले? टाक ना फासा."

नियम अंगदच ठरवायचा. त्यानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं: दगडी भिंत पाडायला अठरा लागतात, मातीला दहा पुरे. वीस बाजूंचा फासा त्यानं मुठीत खुळखुळवला आणि टाकला. चौदा पडले.

"गेली!" त्यानं एक शिपाई उचलून थेट भिंतीवर आणून ठेवला. "काढ भगदाड. बघितलं? मी काय म्हणून राह्यलो मघापासून?"

ज्योत्स्नानं लॅपटॉप पुढं ओढला. नुसतं खोडून टाकलं असतं तरी भगदाड झालं असतं. पण तिनं तेही नीट काढलं. कडा फाटल्या, ढेकळं आतबाहेर सांडली, शिपायाच्या पायाशी ढिगारा साचला. पडलेली भिंतसुद्धा देखणी दिसत होती, आणि अंगदला तेवढं कळत होतं, म्हणून तो जरा जास्तच मोठ्यानं हसला.

"चल, आता दगड लाव जल्दी. सकाळी निघायचंय."

"खेळ संपला न्हाई," ज्योत्स्ना म्हणाली. "तुझी चाल झाली. आता रात्र. रात्री लढाई थांबते, तुझाच नियम हाय."

"मंग?"

"मंग आमची माणसं पडलेली माती भिजवतात. भुसा टाकतात, तुडवतात, परत लावतात. माझी माय दर उन्हाळ्यात मागची भिंत अशीच उभी करती. दगडाला गवंडी हुडकावा लागतो. हिची माती हिच्याच पायाशी हाय."

बोलता बोलता तिनं ढिगारा उचलून भगदाडात भरला. नवी माती ओली, म्हणून गडद ठेवली. माथ्यावर गवत लावलं नाही, एका रात्रीत गवत उगवत नसतं. सावली पुन्हा सलग झाली. प्रीती टीव्हीवर वाकून बघतच राहिली.

"असा नियम न्हाई," अंगद म्हणाला.

"मंग कर."

"उद्या लोक विचारतील, हा कुठला नियम म्हणून."

"जाफराबादचा म्हणून सांग," ज्योत्स्ना म्हणाली. "आणि तुझा शिपाई उचल. तिथं भिंत हाय."