सुरक्षेच्या कारणास्तव

आईने पाण्याच्या चित्रावर तिसऱ्यांदा बोट दाबलं. फोन गप्पच. तिने तो कानाशी धरून हलवला, मग घाबरून लेकीकडे बघितलं.

पडद्यावर एकच ओळ होती : सुरक्षेच्या कारणास्तव हे अ‍ॅप बंद करण्यात आले आहे.

"दादा, आत ये," बहिणीने हाक मारली. "आज फोनमधूनही काढलं त्यांनी."

पक्षाघाताचा झटका येऊन आईची वाचा गेली, त्याला दोन वर्षं झाली होती. नोकरी सांभाळून बहिणीने हे अ‍ॅप बनवलं. चित्र दाबलं की बहिणीच्याच आवाजात शब्द यायचे : पाणी, दुखतंय, दिवा लाव, पुरे आता तुझं शहाणपण. शेवटचं आईचं सगळ्यात लाडकं. बघता बघता आठ हजार घरांत ते बोलायला लागलं. आणि तीन आठवड्यांपूर्वी कंपनीचं पत्र आलं : अ‍ॅप आमच्या स्टोअरमधून हटवत आहोत. फोन त्यांचा, स्टोअर त्यांचं. त्यांच्या परवानगीशिवाय आत टाचणीही शिरत नव्हती.

भाऊ त्याच कंपनीत अ‍ॅप तपासायच्या कामावर होता.

"नेमका दोष काय, एवढं तरी विचार रे कुणाला," बहीण रोज म्हणायची.

"बघतो," तो म्हणायचा आणि विषय बदलायचा. दोष नव्हताच. कंपनी स्वतःचं तसलंच अ‍ॅप आणणार होती. काढून टाकायच्या अकरा अ‍ॅपची यादी वरून आली होती. चौथं नाव बहिणीच्या अ‍ॅपचं होतं. आपण नाही काढलं तर शेजारच्या टेबलावरचा काढेल, वर आपली नोकरीही जाईल, असं घोकत त्याने बटण दाबलं होतं.

बहिणीने आईला पाणी पाजलं. पण आईला अजून काहीतरी हवं होतं. तिने तोंड उघडलं, नुसती घरघर आली. पाठ दुखतेय? खिडकी लावू? बहीण एकेक विचारत होती, आई जिवाच्या आकांताने मान हलवत होती. शेवटी दमून तिने डोळे मिटले. गालावर पाणी ओघळलं.

भावाला बघवेना.

"दोष काहीच नव्हता," तो म्हणाला. "मीच काढलं ते. खोटं कारण लिहून."

आईने डोळे उघडले. वाचा गेली होती, कान शाबूत होते.

"मी स्पर्धा आयोगाकडे तक्रार करतेय. तिथे हे लेखी देशील?" बहिणीने विचारलं. "नोकरी राहणार नाही."

त्याने आईकडे बघितलं. "देतो."

तिने कपाटातून एक कागद काढून त्याच्यापुढे धरला. जबाब टाइप केलेला होता. त्याचं नाव, हुद्दा, सगळं. फक्त सही बाकी होती.

"हा... हा कधी लिहिलास?"

"पत्र आलं त्याच संध्याकाळी. तू पहिल्यांदाच आईच्या खोलीत न डोकावता जेवायला बसलास, तेव्हा."