चढाचा गिअर

“भास्करकाका, एवढा जड गिअर लावून रानातला चढ कोण चढतं? गुडघे जातील,” म्हणत सायकलवाल्या इरफानने पुढचं मोठं चक्र काढून लहान बसवलं.

तो जड गिअर भास्कररावांनी मुद्दाम लावून घेतला होता. बायकोबरोबर टेकडीवर जाताना त्यांना अर्ध्यातच उतरावं लागायचं. मागून येणारी शालिनी सुटल्यासारखी उतरायची. “काय पैलवान, दमलात?” म्हणायची आणि त्यांच्यासोबत सायकल ढकलू लागायची. तिला दमा होता, पण ‘थांबा’ असं तिला कधी म्हणावं लागलं नाही.

ती गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. आज ते पहिल्यांदाच एकटे टेकडीवर निघाले. सकाळी गेले, ते तिन्हीसांजेला दुकानात परत आले.

“जुनंच चक्र बसव,” ते म्हणाले.

“का? हेही जड जातंय?”

“नाही रे. कुठंच उतरावं लागलं नाही. सरळ वर पोचलो.”

“मग झालं की चांगलं! दिवसभर होतात कुठं?”

“तिथंच,” भास्करराव म्हणाले. “मागं वळून तिची वाट बघत बसलो.”