हलगी बंद झाल्यावर

डॉ. माधवसरांनी मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि आकारामला त्याचाच व्हिडिओ दाखवला. जयंतीची मिरवणूक. निळा फेटा. पुढे हलगीवाला आणि त्याच्या मागं आकाराम, परेडला निघाल्यासारखा ताठ.

“हे तुम्हीच ना?”

“व्हय. फेटा तेवढा मेव्हण्याचा हाय.”

सर खूश झाले. अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या मंडळाचे ते अध्यक्ष होते आणि गुन्हा एवढ्या लवकर कबूल होण्याची त्यांना सवय नव्हती.

आकाराम कळंब्याकडच्या एका शाळेत शिपाई. त्याला पार्किन्सन झाला होता. हात थरथरायचे, ते शाळेनं चालवून घेतलं. पण चालता चालता पाय जमिनीला चिकटायचे, दारात तर हमखास. दाखला आणला तर बसून करायचं काम मिळणार होतं. नाही आणला तर कामचुकार म्हणून घरी. व्हिडिओ शाळेनंच पाठवला होता.

“हलगी वाजली की चालत्यात ओ,” त्याची बायको आक्काताई म्हणाली. “बंद झाली की खांबागत हुबं. त्या दिवशी चौकात हलगीवाला च्या प्यायला गेला, तर ह्यास्नी चौघांनी उचलून फुटपाथवर ठेवलंय. त्याचा व्हिडिओ कुणी काढला न्हाय.”

“मावशी, असा कुठं आजार असतो का?”

“मग हलगीवाल्यालाबी नोकरीवर घ्या म्हणावं शाळेला!”

शेजारच्या खुर्चीतल्या तरुण डॉ. मीनाक्षी पुढं झुकल्या. “सर, असतो,” त्या म्हणाल्या. “मेंदूतला आतला ताल बिघडतो. बाहेरून ताल मिळाला की काही जणांचं पाऊल सुटतं. यावर जगभर संशोधन चालू आहे.”

“चालू आहे ना?” सरांनी पेनाला टोपण लावलं. “संपू दे, मग बघू.”

आक्काताईचे कान तापले. “साहेब, समोर माणूस बसलाय जिता. तुमास्नी मोबाईलमधलाच दिसतोय व्हय?”

“नामंजूर. या आता.”

आकाराम उठला. खोलीला दार एकच होतं, तेही अर्धं कपाटानं खाल्लेलं. उंबऱ्याशी आल्यावर त्याचा उजवा पाय थबकला. मग डावाही. बाटलीला बूच बसावं तसं त्यानं दार अडलं.

“चला, चला,” सर म्हणाले.

“डोस्कं म्हणतंय चल,” आकाराम समोर बघतच म्हणाला. “पायास्नी ऐकू जात न्हाय.”

“नाटकं बास!” सर उठून मागं येऊन उभे राहिले. त्यांना मधुमेह होता आणि सकाळपासून त्यांनी खुर्ची सोडली नव्हती. आता त्यांना जिथं जायचं होतं, ते ठिकाण दाराच्या पलीकडं होतं. त्यांनी आकारामच्या खांद्यावर हात ठेवला.

“ढकलायचं न्हाय!” आक्काताई कडाडली. “मागल्या म्हैन्यात असंच ढकललंय. दोन दात शाळंच्या पायरीवर ऱ्हायले.”

सरांनी हात काढला. एक पाय दुसऱ्या पायावर ठेवला. काढला. मग मंडळाचे अध्यक्ष टेबलाकडं धावले, जेवणाच्या डब्याचं झाकण काढलं आणि चमच्यानं ते बडवायला लागले. आकाराम हलला नाही. सरांना घाई होती, ताल नव्हता.

“आना हिकडं,” म्हणून आक्काताईनं झाकण हिसकावलं.

तिनं चमचा धरला आणि हलगीचा ठेका सुरू केला. आकारामचं पाऊल उचललं. ताठ, स्वच्छ, व्हिडिओतल्यासारखं. तो बरोबर उंबऱ्यावर पोहोचला.

आक्काताईनं चमचा थांबवला. आकाराम थांबला. आता तर दारातून मांजरही गेलं नसतं.

सर बघत राहिले. डॉ. मीनाक्षींनी हळूच आपला मोबाईल वर धरला.

“म्हणजे खरंच…” सरांचा आवाज बारीक झाला होता. “पटलं! मावशी, पटलं मला. दाखला देतो, आत्ता सही करतो. पण वाजवा! मला बाहेर जाऊ द्या!”

दारात आकारामचे खांदे हलत होते. थरथर होती की हसू, ते पाठीवरून कळत नव्हतं.

आक्काताईनं चमचा हवेतच धरला.

“संशोधन चालू हाय, साहेब. संपू दे की, मग बघू.”