दाराआडची बडबड

ताई बाथरूमच्या दाराला कान लावून उभी होती. आत तिचा धाकटा भाऊ कुणाशी तरी बोलत होता.

“थांब. परत. पहिल्यापासून.” मग पुटपुट. मग वैतागून, “छे! नाही जमत.”

ताईने कान आणखी घट्ट लावला. त्याच्या कानातले आवाज बंद होऊन किती महिने झाले होते!

आणि ताई म्हणजे काय बाई होती म्हणून सांगू! स्किझोफ्रेनिया म्हटल्यावर नातेवाईक पांगले, तेव्हा हिनेच भावाला आपल्या घरी आणलं. गोळ्या वेळेवर दिल्या, टोमणे मारणाऱ्यांची तोंडं बंद केली. भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर असं, की गिऱ्हाईक पाटी बघूनच आत शिरावं. आवाज थांबले, पण ब्रशला त्याने हात लावला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. ताट पुढ्यात निवून जायचं.

“पडू दे गं,” ताई शेजारणीला सांगायची, “शांत झालाय ना, मग गंगेत घोडं न्हालं!”

आणि आता हे.

“पुन्हा सुरू झालं हो,” ती नवऱ्याला म्हणाली.

“म्हणजे परत भरती करावं लागणार?”

“शुभ बोला जरा! पुन्हा तिथे ठेवणार नाही, असा शब्द दिलाय मी त्याला.” तिचे डोळे भरून आले. “पण डॉक्टरांपासून लपवू तरी कसं?”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडची नेहमीची तारीख होती. भाऊ तिच्या आधीच दाढी करून तयार. ताईला त्याचीही धास्तीच वाटली.

दवाखान्यात नेहमीप्रमाणे ताईच बोलली. झोप, भूक, गोळ्या, सगळं तिला तोंडपाठ. शेवटी म्हणाली, “डॉक्टर, हा एकटाच बोलतो. कुणाशी तरी हुज्जत घालतो. आवाज परत आलेत.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच थेट त्याला विचारलं, “काय म्हणतात आवाज?”

त्याने ताईचा हात हातात घेतला.

“आवाज नाहीत, डॉक्टर. पाठांतर करत होतो. मला रोज मरावंसं वाटतं, आणि मला मरायचं नाहीये. एवढंच ताईसमोर न रडता सांगायचं होतं.”