मुकी पट्टी

शाळेच्या पियानोची मुकी पट्टी नव्या संगीताच्या बाईंनी आल्याआल्या दुरुस्त करून घेतली, पण मुलांचं काय करणार? गाण्यात तो सूर आला की अख्खा वर्ग गप्प, पुढच्या सुराला पुन्हा सुरू. “अरे, तिथे गायचं असतं!” बाई करवादल्या. “नाही बाई, तिथे थांबायचं असतं. पियानोपण थांबायचा.” स्पर्धा तोंडावर आलेली. “नंबर नाही आला तर तुमचा तास गणिताला,” मुख्याध्यापिकांनी बजावलेलं. स्पर्धेच्या दिवशी निघण्याआधी बाई तीच ओळ पुन्हा घोटून घेत होत्या. तेवढ्यात मुख्याध्यापिकाच आत आल्या. लहानपणी त्याही याच पियानोवर शिकलेल्या. मुलांच्या कॉलर सरळ करताना तेच गाणं गुणगुणू लागल्या आणि नेमक्या त्याच जागी गप्प झाल्या. त्यांच्या लक्षातही आलं नाही. रंगमंचावर ती जागा आली. बाईंनी बोट अधांतरी थांबवलं आणि मुलांनी एकत्र घेतलेला श्वास मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.