भाषणाचं कोरं पान

दुसऱ्या अंकात शर्वाणी मध्येच थांबली, तेव्हा विंगेत उभे असलेले नाटककार केळुसकर पुढे सरसावले. पाठांतराची पद्धत कधीच मागे पडली होती. नटांच्या डोळ्यांतल्या भिंगांवर एका एक्स्टेन्शनमधून संवाद आपोआप उमटत. प्रॉम्प्ट करायला केळुसकरांनी स्वतःच्या भिंगात संहिता उघडली, तर तिथेही तांबडी अक्षरं: ‘सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली आहे. सर्व एक्स्टेन्शन बंद.’ आणि स्वतःच लिहिलेलं शर्वाणीचं ते भाषण त्यांना काही केल्या आठवेना!

रंगमंचावर, बऱ्याच वर्षांनी घरी परतलेला बाप जेवायला बसला होता. “बापाशी एक शब्दही बोलणार नाहीस?” त्याने पुन्हा विचारलं. इथे मुलीने, म्हणजे शर्वाणीने, लांबलचक भाषणात त्याला चांगलं फैलावर घ्यायचं होतं.

शर्वाणीने त्याला भात वाढला. वर वरण, मग तूप. त्याच्यासमोर मांडलेलं स्वतःचं ताट तिने उचललं आणि ती शांतपणे आत निघून गेली.

बापाचं काम करणाऱ्या नटाचा घास हातातच राहिला. प्रेक्षागृहात टाळ्या थांबेनात. “काय पोरगी आहे!” केळुसकर पुटपुटले.

पुढच्या प्रयोगापर्यंत सगळं सुरळीत झालं होतं. तरी तिसऱ्या घंटेच्या आधी शर्वाणी धावत आली. “सर, भाषणाचं पान कोरं दिसतंय! पुन्हा मुदत संपली का?”

“नाही गं,” केळुसकर म्हणाले. “ते पान तू लिहिलेलं आहे.”