मालाच्या लिफ्टचं दार

"तीनला अपडेट जाणार म्हणजे जाणार," दादा म्हणाले. "हॉस्पिटलवाले सकाळपासून डोकं खातायत."

अडीच वाजले होते. लिफ्टचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या त्या ऑफिसात सगळे त्यांना दादाच म्हणत. कंपनी फक्त मालाच्या लिफ्ट बनवायची तेव्हाचा मूळ क्लास, म्हणजे लिफ्टनं कसं वागायचं ते लिहिलेला प्रोग्रॅमचा साचा, त्यांचा. पुढे माणसांच्या लिफ्ट आल्या, तर या गृहस्थांनी त्यांचे क्लास मालाच्या क्लासमधूनच काढले. ती आई, बाकीच्या तिच्या लेकी, असं वर कौतुकानं सांगायचे!

"सोमवारी तुम्ही आईला नवीन शिकवलंत," प्रोग्रॅमर बाई म्हणाली. टीममधली सगळ्यात चिवट ती. "दारात खोकं अडकलं, तर पाच सेकंद थांबायचं आणि जोर लावून बंद व्हायचं. लेकीही आपोआप तेच शिकल्या."

"लेकींना मी मनाई लिहिलीय."

"तिघींना. स्ट्रेचरची लिफ्ट राहिली."

"शक्यच नाही!"

"दादा, आज मनाई लिहाल, उद्या आई आणखी काही शिकेल. हा वारसाच काढून टाकते. प्रत्येक लिफ्टला तिचं स्वतःचं दार, वेगळा भाग म्हणून जोडायचं. माणसांच्या दारांसाठी इंटरफेस, म्हणजे प्रत्येक दारानं पाळायचा करार, त्यात तीनच अटी. उघडायचं, मिटायचं, काही आडवं आलं की मागे फिरायचं. दोन दिवस द्या."

"दोन दिवस? मला उभा सोलतील ते!"

दादा तरातरा चाचणीच्या टेबलाकडे गेले. तिथे दाराची छोटी चौकट होती, पण मोटर खऱ्या लिफ्टची. त्यांनी बाही वर सारली.

"लाव स्ट्रेचरचा प्रोग्रॅम. हा घातला हात."

"नको हो, दादा."

"लाव म्हणतोय ना!"

तिनं बटण दाबलं. दार हाताला टेकलं आणि थांबलं. दादा मोठ्यानं मोजू लागले. एक. दोन. तीनला आवाज खाली आला. चारला त्यांनी हात ओढून घेतला.

पाचला दार धाडकन मिटलं.

बाईला रागानं रडूच यायला लागलं होतं.

"तुम्ही मोजत होतात, म्हणून वाचलात," ती म्हणाली. "स्ट्रेचरवरचा माणूस मोजणार आहे का?"

दादांनी उजवा हात खिशात घातला आणि डाव्या हातानं हॉस्पिटलला फोन लावला.